पेशींचा उपास

कोटरा सुल्तानाबादच्या त्या गल्लीत मंजूषा पांढरीपांडे कुठे राहतात असं विचारलं, तर दोन घरं चुकूनच माणूस पोचायचा. पण "वो चूहों की लॅब वाली आंटी" म्हटलं, की इस्त्रीवाला हातातली इस्त्री न सोडता मानेनं गेट दाखवायचा. मंजूषाताईंना या नावाचा भारी राग. उंदराला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता, घरात पाल निघाली तरी त्या खुर्चीवर चढायच्या. उंदरांचं काम खालच्या मजल्यावरच्या लोकांचं. ताईंचं काम पेशींचं, तेही रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या बारीक स्नायूंच्या पेशींचं. पण हे इस्त्रीवाल्याला कोण समजावणार, आणि त्याला समजून तरी काय करायचं होतं?

काम साधं होतं आणि चिकट होतं. चपट्या डब्यांमध्ये गुलाबी पाणी, त्या पाण्याच्या तळाशी पेशींचा एक पातळ थर, आणि डबे ठेवायला अंगाच्या उबेइतकं कोमट कपाट. ठरल्या दिवशी जुनं पाणी काढायचं, नवं घालायचं. पेशींना रविवार कळत नाही आणि दिवाळीही कळत नाही, त्यामुळे लक्ष्मीपूजनाच्या दिवशीसुद्धा ताई सकाळी स्कूटी काढून लॅबमध्ये जाऊन यायच्या. सासूबाई होत्या तोवर आल्यागेल्याला सांगायच्या, "आमची सून तिकडे पेशींना ताजं वाढते आणि आम्हाला कालचं गरम करून." सासूबाईंची जीभ तिखट होती, पण खोटं बोलत नव्हत्या बिचाऱ्या.

प्रयोगाच्या आधी या पेशींना उपाशी ठेवावं लागतं. गुलाबी पाण्यात रक्ताचा निवळ अंश घातलेला असतो, त्यातली प्रथिनं खाऊनपिऊन पेशी सारख्या वाढत असतात. तो अंश काढून घेतला की एकदोन दिवसांत सगळ्या गप्प बसतात. मग त्या थरावर एक चरा ओढायचा, रक्तवाहिनीला जखम व्हावी तसा, आणि हव्या त्या प्रथिनाचा थेंब टाकून बघायचं, कोण जागं होतं, कोण कुठे सरकतं. बाकीचे लोक त्याला इंग्रजीत काहीतरी म्हणायचे. ताईंनी त्याला उपास म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव चिकटलं. नवी पोरंपोरीसुद्धा येऊन विचारायची, "मैम, सेल्स का उपास कब से है?" ताईंना मनातून बरं वाटायचं. एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्यांच्या नावावर एक शब्द तरी जमा झाला होता.

त्यांचे यजमान नीळकंठराव. वडील नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आलेले, आणि यांचा जन्मच इथला. पाटबंधाऱ्याच्या खात्यात नकाशे काढण्यात त्यांची नोकरी गेली. माणूस नाकासमोर चालणारा. हाताला वळण असं, की घरातल्या वाणसामानाच्या डब्यांवरची नावंसुद्धा नकाशातल्या अक्षरांत लिहिलेली. आणि खाण्याची आवड तर विचारू नका. सकाळी शाहपुऱ्याच्या तलावावर फिरायला जायचे ते निम्मे फेरीसाठी आणि निम्मे नंतरच्या पोह्या-जलेबीसाठी. आषाढी एकादशीलासुद्धा यांचा उपास दुपारपर्यंत टिकायचा नाही. "देवाला माझं पोट ठाऊक आहे," म्हणायचे, आणि ताट ओढून घ्यायचे.

निवृत्तीनंतर थोड्याच दिवसांत छातीत दुखायला लागलं. हृदयाची एक नळी अरुंद झालेली. दवाखान्यात नेलं, बारीक फुगा घालून नळी उघडली, आत जाळी बसवली. सगळं कसं झकास झालं. चौथ्या दिवशी नीळकंठराव घरी येऊन वरण-भातावर तूप किती चालेल याची चौकशी करत होते. आणि सहा-सात महिने जातात न जातात तोच पुन्हा तेच दुखणं. नळी त्याच जागी पुन्हा भरलेली. पुन्हा फुगा आणि पुन्हा जाळी, या वेळी औषधाचा लेप असलेली.

या दुसऱ्या वेळेनं मात्र माणूस खचला. पहिल्यांदा झालं ते नशीब म्हणून त्यांनी सोडून दिलं होतं. दुरुस्त केलेली गोष्ट पुन्हा बिघडते, हे त्यांच्या डोक्यातच शिरेना. तलावावर जाणं बंद झालं. खुर्चीत बसायचे, हात छातीवर, आणि आत काय चाललंय ते ऐकल्यासारखं करायचे. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, "होता है कभी-कभी, अंकल." नीळकंठरावांना हे उत्तर पटणारं नव्हतं. धरणाची भिंत कभी-कभी फुटली असं कुणी कागदावर लिहितं का?

मंजूषाताईंना ते बघवत नव्हतं. ज्या आजारावर जन्मभर काम केलं तोच आपल्या माणसाच्या छातीत बसलाय, आणि आपण काय करतोय, तर भाजीत मीठ कमी. म्हणून एका रविवारी दुपारी त्या चहा घेऊन त्यांच्यासमोर बसल्या.

"अहो, इकडे बघा. नळी परत का भरते ते मी सांगते."

नीळकंठरावांनी कागद-पेन्सिल घेतली. कागदाशिवाय त्यांना काही समजत नसे. ताई सांगत गेल्या आणि ते नळीचा छेद काढत गेले. सगळ्यात आत गुळगुळीत अस्तर, मध्ये स्नायूंचा थर, बाहेर वेष्टन.

"हे मधले स्नायू म्हणजे नोकरदार माणसं," ताई म्हणाल्या. "आकुंचन पावायचं, सैल व्हायचं, एवढंच त्यांचं काम. वाढत नाहीत, हलत नाहीत. पण फुगा फुगवला की आतलं अस्तर सोलवटतं. जखमच ती. मग तिथे रक्तातल्या चकत्या, त्या प्लेटलेट्स हो, गोळा होतात आणि त्या एक प्रथिन सोडतात. ते प्रथिन या स्नायूंना लागलं की ते आपली नोकरी सोडतात. आकुंचन वगैरे सगळं विसरतात, आतल्या बाजूला सरकतात आणि एकाचे दोन, दोनाचे चार होत बसतात. जखम भरायलाच येतात हो ते, वाईट हेतू नसतो. पण कुठे थांबायचं ते त्यांना कळत नाही. त्यानं नळी बुजते."

"म्हणजे दुरुस्तीवाल्यांनीच रस्ता अडवला."

"तसंच."

नीळकंठरावांनी चित्रातल्या मधल्या थरावर पेन्सिल फिरवली. मग म्हणाले, "आणि तू तिकडे त्यांना गप्प कसं बसवतेस?"

आता नवऱ्यानं बायकोच्या कामाबद्दल इतक्या आस्थेनं कधी विचारलं होतं? ताईंचा चेहराच खुलला. त्यांनी उपासाचं सगळं सांगितलं. खाणं काढून घेतलं की पेशी कशा शांत होतात, चरा ओढला तरी कशा सुस्त पडून राहतात, सगळं.

"किती वेळ उपाशी ठेवता?"

"एक दिवस, दोन दिवस. काही वेळा जास्त."

"मरत नाहीत?"

"छे हो. निवांत असतात."

आणि नीळकंठराव हसले. कित्येक दिवसांनी हसले. कप पुढे करून अजून चहा मागितला, वर म्हणाले, "तुझी नोकरी मला आज कळली बघ, मंजू."

गोष्ट तेवढीच नव्हती. पुढचा अर्धा भाग ताईंच्या ओठावर होता. नव्या जाळीवरच्या लेपातलं औषध स्नायूंना वाढू देत नाही हे खरं, पण ते आतलं अस्तरही लवकर येऊ देत नाही. तोवर जाळीचा धातू रक्ताला उघडा असतो, आणि उघड्या धातूवर रक्त गोठू शकतं. गोठलं तर नळी महिन्यांत नाही, घटकाभरात बंद होते. ते गोठू नये म्हणून तर त्या रोजच्या गोळ्या. आणि हेही सांगायला हवं होतं, की डबीतल्या पेशींचा उपास म्हणजे रक्तातला अंश काढून घेणं, त्याचा ताटातल्या जेवणाशी काडीचा संबंध नाही. माणूस महिनाभर उपाशी राहिला तरी जखमेवरच्या चकत्या ते प्रथिन सोडणारच.

पण समोरचा माणूस हसत होता. त्याला आता घटकाभरात नळी बंद होण्याची भीती कुठे घालायची? गोळ्यांचं डॉक्टरांनी सांगितलंच आहे, चिठ्ठीवर लिहिलंच आहे. ताईंनी विचार केला, आज इतकंच पुरे. त्यांनी गोष्ट चांगल्या ठिकाणी थांबवली आणि त्या कप घेऊन आत गेल्या.

नीळकंठराव त्या दिवसापासून सुधारले. तलावावर जायला लागले. गोळ्या आधी ताई हातावर ठेवायच्या, त्याही त्यांनी आपल्याकडे घेतल्या. कप्प्याकप्प्यांची एक डबी आणली, त्यावर आपल्या अक्षरात वार लिहिले. जो माणूस डाळीच्या डब्यावर नाव टाकतो तो गोळी कशाला विसरेल? ताईंनी त्या डबीत पुन्हा डोकावून पाहिलं नाही.

मग नवरात्र आलं. चौकात देवीच्या झांकीचा मांडव पडला, लाउडस्पीकर सुरू झाला. घट बसायच्या आदल्या दिवशी जेवताना नीळकंठराव म्हणाले, "या वर्षी मी नऊ दिवस धरतोय. कडक. दिवसभर लिंबूपाणी, संध्याकाळी कपभर दूध."

त्यांची मुलगी अबोली एका बँकेत नोकरीला, घरीच असते. तिनं घास तसाच हातात धरला. "पप्पा, सीरियसली? तुमसे तो एकादशी नहीं होती."

"माणूस बदलतो," नीळकंठराव म्हणाले.

ताई कुठे हरकत घेणार? त्यांनी एकदा म्हटलं, "झेपेल का हो? निदान फळं, राजगिरा तरी घ्या." ते नको म्हणाले. खरं सांगायचं तर ताईंना आतून आनंदच झाला होता. इतकी वर्षं घट त्यांनी एकटीनं बसवले, आरतीला नवरा दारात उभा राहून टाळी वाजवायचा तेवढाच. आता संकटातून उठल्यावर त्याला देवी आठवली, असं त्यांना वाटलं. चार बायकांना त्यांनी कौतुकानं सांगितलंही. शितावरून भाताची परीक्षा करतात, पण शीत तरी चाचपून बघावं लागतं. कडक उपास कशासाठी, हे कुणी विचारलंच नाही.

आणि गोळ्यांचं असं झालं. औषधाच्या दुकानातला मुलगा गोळ्या देताना दर वेळी बजावायचा, "अंकल, ख़ाली पेट मत लेना, जलन होगी." सांगितलेलं पाळणारा माणूस. पोटात काही नाही, तर गोळी कशी घेणार? नऊ दिवसांचा तर प्रश्न.

सातव्या माळेला सकाळी ताई लॅबमध्ये होत्या. सुट्टीच होती, पण डबे बदलायचे होते. बाहेर येऊन हातमोजे काढतात तो अबोलीचा फोन. पप्पा घामानं निथळलेत, बोलता येत नाहीये, शेजारच्या दिगंबरकाकांच्या गाडीतून निघालोय, तू सरळ दवाखान्यातच ये.

त्या पोचल्या तेव्हा नीळकंठरावांना आत नेलं होतं. बऱ्याच वेळानं डॉक्टर बाहेर आले. नळी उघडली होती, पण उशीर झाला होता, हृदयाचा मोठा भाग दुबळा पडला होता. त्यांनी ताईंना पडद्यावर चित्र दाखवलं. जाळीच्या आत भिंत स्वच्छ होती. स्नायू जराही वाढलेले नव्हते. फक्त एक गाठ रक्ताची.

"दवा बंद की थी क्या?" डॉक्टरांनी विचारलं.

"नहीं," ताई ठामपणे म्हणाल्या. "सवाल ही नहीं. वो बहुत पक्के हैं."

डॉक्टरांनी पडद्यावरच्या त्या गाठीवर पुन्हा बोट ठेवलं. 

दुसऱ्या दिवशी थोडा वेळ आत भेटू दिलं. नीळकंठराव जागे होते. चेहरा उतरलेला, पण नजर साफ होती. ताईंनी त्यांचा हात हातात घेतला आणि हळूच विचारलं, "गोळ्या घेत होता ना हो?"

"उपाशी पोटी घ्यायच्या नसतात ना," ते म्हणाले. "दसऱ्यापासून पुन्हा सुरू करणार होतो."

"मग उपास कशाला धरलात एवढा कडक? देवीनं मागितला होता का?"

नीळकंठरावांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं आपलंच वाक्य विसरलेल्या माणसाकडे पाहावं.

"देवीचं काय त्यात? तूच सांगितलंस ना. उपाशी ठेवल्या की गप्प बसतात. एकदा भरली नळी, दुसऱ्यांदा भरली. म्हटलं, तिसऱ्यांदा नको. नवरात्रात कुणी विचारत पण नाही, का खात नाही म्हणून." त्यांना दम लागला. थांबून म्हणाले, "खूप भूक लागायची गं, मंजू. जलेबीचा वास यायचा सकाळी."

 त्या रविवारच्या चहापासून आजपर्यंतचा सगळा रस्ता ताईंना एकदम दिसला, आणि त्या रस्त्यावर पहिलं पाऊल त्यांचं स्वतःचं होतं. दोन वाक्यं पुढे बोलल्या असत्या तर. फक्त दोन वाक्यं. दुसऱ्या कुणाची बायको असती, शाळेत शिकवणारी, कचेरीत फायली लावणारी, तर या माणसानं तिचं ऐकून पोट मारलं नसतं. गोळ्या गिळल्या असत्या आणि जलेबी खाल्ली असती.

"मग आत काय दिसलं?" नीळकंठराव विचारत होते. "गप्प होत्या का?"

खरं काय ते सांगायची हीच वेळ होती. पेशी शांत राहिल्या त्या लेपातल्या औषधानं, तुमच्या उपासानं नाही, आणि उपासानं जे केलं ते हे. ताईंनी तोंड उघडलं. समोरचा माणूस उत्सुकतेनं वाट बघत होता.

"गप्प होत्या," त्या म्हणाल्या. "अगदी गप्प. भिंत स्वच्छ आहे."

"बघ." नीळकंठरावांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "तुझ्या लॅबच्या मॅडमना सांग. माणसालाही लागू पडतं म्हणावं."

"सांगते."

नवमीला सकाळी ते गेले.

मग घरात माणसांची रीघ लागली. जो येईल तो एकच बोलायचा. उपासात गेले, नवमीला गेले, देवीनं सोनं केलं, असं मरण नशिबात असावं लागतं. जुन्या कचेरीतले कोणी एक तर म्हणाले, "वहिनी, तुमच्या पुण्याईनं त्यांना शेवटी बुद्धी झाली बघा." ताई ऐकून घ्यायच्या. त्यांच्या मनात यायचं, उठावं आणि या सगळ्यांना गेटाबाहेर काढावं. पण त्या मान हलवायच्या आणि अबोलीला चहा टाकायला सांगायच्या. रात्री अंथरुणावर पडलं की त्या मनातल्या मनात नीळकंठरावांशी बोलायच्या, आणि दर वेळी त्या पुढच्या अर्ध्या भागापाशी येऊन अडायच्या. दवाखान्यात आपण खोटं बोललो याचं त्यांना फारसं वाटत नव्हतं. त्या रविवारी खरं बोलत होतो तर अर्ध्यावर का थांबलो, याचं वाटत होतं.

तेरावं झाल्यावर वैजयंती मॅडम भेटायला आल्या. लॅबच्या प्रमुख, अरेरा कॉलनीत राहतात, मूळच्या अमरावतीच्या. रक्तवाहिनीच्या जखमेवर त्यांनी उभी हयात काढलेली. त्या ताईंच्या शेजारी येऊन बसल्या. मग, विचारायचं म्हणून, म्हणाल्या, "औषधं चालू होती ना वेळेवर?"

मंजूषाताईंनी पदर सारखा केला.

"मॅडम, त्यांनी तुमच्यासाठी निरोप ठेवलाय," त्या म्हणाल्या. आणि निरोप सांगितला.

वैजयंती मॅडमना पहिल्यांदा काही कळलं नाही. मग कळलं, आणि त्यांनी ताईंच्या दंडावर हात ठेवला. अबोली चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती, ती तिथेच उभी राहिली.

ताई बोलायला लागल्या. अगदी पहिल्यापासून. नळीला तीन थर असतात, मधला स्नायूंचा. फुग्यानं अस्तर सोलवटतं. चकत्या जमतात, प्रथिन सोडतात, स्नायू काम सोडून वाढायला लागतात. डबीत त्यांना उपाशी ठेवलं तर गप्प बसतात, पण माणसाच्या जेवणाशी त्याचा संबंध नाही, ते प्रथिन जेवणातून येत नाही हो, जखमेतूनच येतं. जाळीवर औषधाचा लेप असतो. त्यानं स्नायू वाढत नाहीत, पण अस्तरही येत नाही, धातू उघडा राहतो, त्यावर रक्त गोठतं, म्हणून रोज गोळ्या घ्यायच्या, एकही चुकवायची नाही, पोट बिघडलं तरी चालेल, उपास मोडला तरी चालेल. त्या समजावणीच्या सुरात बोलत होत्या, सावकाश, समोर कुणी कागद-पेन्सिल घेऊन बसलं असावं तशा.

"मंजूषा," वैजयंती मॅडम मध्येच हळू आवाजात म्हणाल्या, "हे मला माहीत आहे."

"हो," ताई म्हणाल्या. "तुम्हाला माहीत आहे."

आणि त्या थांबल्या नाहीत. गोष्ट शेवटपर्यंत सांगूनच त्या गप्प झाल्या.